महारवाड्यातली शाळा आणि नगरची मराठी ख्रिस्ती मंडळी

धर्मांतर म्हटले की आपल्या घरांतून १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यापूर्वी शंभर वर्षे याच महाराष्ट्रात, गोदावरी-प्रवरेच्या काठच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून दुसरे एक धर्मांतर चालू होते, हे आपल्या तरुण पिढीला फारसे ठाऊक नसते. नगर जिल्ह्याकडच्या आणि मराठवाड्याकडच्या कितीतरी बौद्ध कुटुंबांच्या सोयऱ्यांत एखादी आत्या, एखादा मावसभाऊ ख्रिस्ती निघतो. लग्नकार्यात गाठ पडते, ख्यालीखुशाली होते. पण ही मंडळी ख्रिस्ती केव्हा झाली, कशी झाली, हे कोणी विचारीत नाही. विचारले तर दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, "दुष्काळात पोटासाठी बाटले." दुसरा म्हणतो, "मिशनरी आले म्हणून आपण माणसांत आलो." दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच दोन्हींवर विसंबून चालणार नाही.

प्रथम एक खुलासा. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच, असा आपला समज असतो. वसईचे ख्रिस्ती किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जमणारे भाविक हे रोमन कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपला मानणारे. सोळाव्या शतकात युरोपात पोपची सत्ता झुगारून जे पंथ निघाले, ते प्रॉटेस्टंट. नगरला आलेले मिशन या दुसऱ्या प्रवाहातले. त्यातही ते ज्या पंथाचे होते, त्यात प्रत्येक गावच्या उपासकसमूहाने, ज्याला मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात, आपला कारभार आपणच पाहावा, आपला पाळक आपणच निवडावा, असे तत्त्व आहे. तत्त्व चांगले आहे. ते नगरच्या मातीत कितपत उतरले, हे पुढे पाहू.

अमेरिकेतील या मिशनचे पहिले दोन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. हिंदू-मुसलमान बिथरले तर व्यापार बुडेल, ही कंपनी सरकारची भीती. धर्मप्रसारासाठी इंग्रज सरकार आले असे जे म्हटले जाते, ते निदान या काळापुरते खरे नाही. मोठ्या खटपटीनंतर त्यांना राहू दिले. त्यांनी शाळा काढल्या आणि छापखाना घातला. पुढे निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी अक्षरे घासण्याचे काम आरंभी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात केले होते. डिसेंबर १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, येथे जुन्या सवयीने नगर म्हणतो.) पहिली वर्षे कठीण गेली. आलेल्यांपैकी विल्यम हर्वे हे पुढच्याच वर्षी पटकीने वारले. १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

मिशनऱ्यांचे डोळे सुरुवातीला ब्राह्मणांकडे लागलेले होते. वरचा माणूस आला म्हणजे खालचे आपोआप येतील, असा हिशेब. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक अशी काही ब्राह्मण माणसे मोठ्या धैर्याने आली. त्यांना घर, गोत, बायको, सगळ्यांचा विरोध सोसावा लागला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या मागोमाग ब्राह्मणवाडा काही आला नाही. आला तो महारवाडा, आणि त्याला मिशनऱ्यांनी बोलावण्याआधी तो आपल्या पायांनी आला. महारांत त्या काळी निरनिराळ्या पंथांचे गुरू असत. त्यांच्यापैकी काहींनी नवा उपदेश ऐकला, पटला, आणि आपल्या शिष्यांना सांगितला. एका गावचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सासुरवाडीत बोलणे निघे, तिथून मेहुण्याच्या गावी. मिशनरी नगरात बसलेला असे आणि मंडळी सोयरिकीच्या वाटेने वाढत असे. १८५० नंतर नेवासे, राहुरी या भागांतल्या खेड्यांतून ही वाढ स्पष्ट दिसू लागली. नेवासे तालुक्यातील वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक हे मिशनरी कितीतरी वर्षे ठाण मांडून होते; वडाळा मिशन हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

आता मुख्य मुद्दा, शाळेचा. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. एकाला घेतले तर बाकीचे सगळे शाळा सोडतील, अशी सबब. ज्या सरकारच्या पलटणीत महार लढले, त्या सरकारच्या शाळेत महाराच्या मुलाला बसायला जागा नव्हती. अशा काळात नगर जिल्ह्यात मिशनची शाळा महारवाड्यात, कधी चावडीत, कधी मंडळीच्याच खोपटात भरत होती. दिवसा गुरे राखणारी पोरे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी गिरवीत. शिकवणारा मास्तर बहुधा त्याच जातीतला, दोन-चार यत्ता पुढे गेलेला. मी स्वतः शिक्षक आहे आणि माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे, म्हणून या मास्तराविषयी मला विशेष वाटते. विद्वत्ता फारशी नसेल. पण ज्या वस्तीतल्या पोराने लिहिणारा माणूस म्हणजे कुलकर्णी एवढेच पाहिले होते, त्याला आपल्यासारखाच एक माणूस दौत-लेखणी घेऊन बसलेला दिसला. तो आपल्याच आळीतला, आपल्याच चुलत्याचा मुलगा. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचून दाखवणारा कोणीतरी वस्तीत निर्माण झाला. मंडळी वाढली ती मुख्यतः या मास्तराच्या जोरावर, असे माझे मत आहे.

मुलींच्या बाबतीत तर मिशनचे ऋण सगळ्या महाराष्ट्रावर आहे. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत राहिली. जोतीराव फुले यांनी नगरच्या या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. म्हणजे ज्या शाळेला आपण आपल्या मुक्तीचा पहिला उंबरा मानतो, तिची एक वाट नगरच्या मिशनच्या आवारातून जाते. येथे एक लक्षात ठेवावे : जोतीराव आणि सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. जे घ्यायचे ते घेतले आणि आपल्या मार्गाने गेले.

याच मिशनने जून १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक. त्यात धर्माचा वाद असे तसेच भूगोल, विज्ञान, जातिभेद, विधवांचे हाल असे विषयही असत. १८५५ साली याच पत्रात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा 'मांगमहाराच्या दुःखाविषयी' हा निबंध छापला गेला. मांगाच्या पोरीने लिहिले आणि ते छापून घरोघर गेले, हे त्या काळी कोणाला खरे तरी वाटले असेल का?

मंडळीत येणाऱ्याला काही गोष्टी सोडाव्या लागत. मेलेल्या ढोराचे मांस, दारू, दुसरी बायको, खंडोबाला मुरळी सोडणे, जत्रेतले बकरे. आणि एक गोष्ट करावी लागे, ती म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीला एकाच प्याल्याला तोंड लावणे. ब्राह्मणकुळातला पाळक आणि महारकुळातला शेतमजूर एकामागून एक त्याच प्याल्यातून पितात, हे दृश्य नगरच्या पहिल्या मंडळीने दाखवले. तामिळ मुलखातल्या कित्येक जुन्या चर्चमध्ये जातीजातीला वेगळी जागा होती, त्या मानाने नगरचे अमेरिकन मिशन याबाबतीत कडक होते.

पण प्याला एक झाला तरी मांडव एक झाला नाही. महार ख्रिस्ती आपली मुलगी महार ख्रिस्त्यालाच देत राहिला. मांग ख्रिस्त्यांची वस्ती, विहीर, सोयरीक वेगळी. याचे कारण त्या वाढीतच आहे. माणसे एकेकटी आली असती तर कदाचित एकमेकांत मिसळली असती; ती नात्यागोत्याने आली, आणि नात्यागोत्याबरोबर जात आली. ज्या वाटेने मंडळी वाढली त्याच वाटेने जात मंडळीत शिरली. आपल्याकडे या गोष्टीचा विचार करताना कोणी नाक मुरडू नये. बौद्ध झालेल्या पूर्वाश्रमीच्या महारांनी पूर्वाश्रमीच्या मांगांशी, चांभारांशी किती सोयरिकी केल्या, हे ज्याने त्याने आपल्या घरी मोजून पाहावे.

गावाच्या बाजूनेही फारसे काही बदलले नाही. बाप्तिस्मा घेतला तरी पाटलाच्या दृष्टीने तो महारच. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तजवीज केली होती, त्यामुळे ख्रिस्ती महाराचा वतनातला हिस्सा टिकला. हिस्सा टिकला म्हणजे वेसकरकीची पाळीही बहुतेक ठिकाणी टिकली. रविवारी मंडळीत गीत म्हणणारा सोमवारी गावाची सांगी-निरोपे करीत फिरे, आणि भाकरी मागायला घोंगडी पसरी. या वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बिल मांडले ते बाबासाहेबांनी. १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याचा कायदा झाला तेव्हा त्याचा लाभ ख्रिस्ती महारालाही मिळाला. मिशनच्या शंभर वर्षांच्या कामात या वतनाच्या मुळावर घाव घालण्याची चळवळ मात्र दिसत नाही. मिशनचा उपाय वेगळा होता : हुशार मुलगा निवडावा, शिकवावा, मास्तर करावे, मास्तराचा उपदेशक करावा आणि उपदेशकाला मिशनच्या आवारात घर द्यावे. तो सुटला. त्याची भावकी होती तिथेच राहिली.

दुष्काळाविषयी बोलल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही. १८७६-७७ चा आणि पुन्हा १८९९-१९०० चा, हे दोन मोठे दुष्काळ नगर जिल्ह्याने सोसले. नगरसारख्या अवर्षणाच्या मुलखात सर्वांत आधी उपाशी मरतो तो भूमिहीन. त्याला बलुते देणाऱ्याच्याच खळ्यात दाणा नसतो. मिशनने कामे काढली, धान्य वाटले, अनाथ पोरे मोठ्या संख्येने सांभाळली. रॉबर्ट ह्यूम या मिशनऱ्याला या कामाबद्दल सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. या अनाथांसाठी सुतारकाम, लोहारकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. चर्चिल नावाच्या मिशनऱ्याने नगरला हातमागात सुधारणा करून पाहिल्या. या काळात बाप्तिस्मा घेणारे वाढले, हे खरे. मग "पोटासाठी बाटले" हे खरे ठरत नाही का? मला वाटते, प्रश्न उलटा विचारावा. त्या माणसाच्या पोटाची चौकशी त्याच्या गावाने, त्याच्या जुन्या धर्माने पिढ्यान्‌पिढ्या का केली नाही? उपाशी माणसाला धर्म कळत नाही असे म्हणणारा बहुधा जेवून बसलेला असतो. शिवाय पाऊस पडल्यावर सगळेच काही परत गेले नाहीत. ज्या गावी मास्तर आणि शाळा टिकली तिथे मंडळी टिकली; नुसते धान्य वाटले गेले तिथे पुष्कळदा ओसरली.

गाण्याचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आरंभीची ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींवर बेतलेली, मराठी जिभेला जड. बॅलंटाइनांनी मराठीत पुष्कळ गीते रचली. पण खेड्यातला माणूस हलला तो कीर्तनाने. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे तेच आणि आख्यान ख्रिस्ताचे. फेअरबँकांनी याला उत्तेजन दिले आणि कृष्णराव सांगळ्यांसारखे कीर्तनकार गावोगाव फिरले. पुढे नारायण वामन टिळक आले. चित्पावन ब्राह्मण, कवी, संतवाङ्मयात मुरलेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मग नगरला राहून मिशनच्या धर्मशाळेत, म्हणजे पाळक तयार करण्याच्या विद्यालयात, शिकवले. त्यांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्त्यांची उपासना मराठी झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. त्यांचे 'स्मृतिचित्रे' प्रत्येक उपासिकेने वाचावे असे मी सुचवीन. सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या अंगातून शिवाशीव एकेक पायरी कशी उतरली, हे तिने हसतखेळत, स्वतःला न वाचवता सांगितले आहे.

टिळकांचे दुसरे महत्त्व असे की मंडळीचे खरे दुखणे त्यांनी ओळखले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा हे तत्त्व आरंभी सांगितले. पण पाळकाचा पगार मिशन देई, शाळा मिशनची, इमारत मिशनची, आणि मिशनच्या सभेत निर्णय घेणारे गोरे. ज्याच्या हातात पगार त्याच्या हातात कारभार. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाने एक बंधुसमाज उभा करू पाहिला, ज्यात हिंदी ख्रिस्ती माणूस परक्याच्या पैशावाचून आपल्या पायांवर उभा राहील. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि तो प्रयोग मूळ धरू शकला नाही. पुढे १९२४ साली अनेक मिशनांच्या मंडळ्या एकत्र होऊन संयुक्त उत्तर हिंदुस्थानी मंडळी झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नगरच्या जुन्या मंडळ्या बहुतांशी त्यात आहेत. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. एका मराठी ख्रिस्ती माणसाने काढलेले हे जिल्ह्यातले पहिले महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते, आणि आपल्या समाजातलेही कितीतरी तरुण तिथे शिकले.

येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मगुरूही बाबासाहेबांना भेटू लागले. बाबासाहेबांनी त्यांची टाळाटाळ केली नाही. बारकाईने अभ्यास केला. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयीचा आदर त्यांनी उघड सांगितला, आणि मग ख्रिस्ती समाजाचे दोष तितक्याच उघडपणे मांडले. दक्षिणेत देवळातली जात चर्चमध्ये आली. शिकलेला ख्रिस्ती चांगल्या जागेवर गेला, पण खेड्यातल्या आपल्या भावाकडे त्याने वळून पाहिले नाही. आणि समाज म्हणून ख्रिस्ती लोक अन्यायाविरुद्ध लढायला उभे राहिले नाहीत, राजकारणात ते मागेच राहिले. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवले होते. ते लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापले आहे. त्यात मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने यांना त्यांनी कमी लेखलेले नाही. त्यांचा सवाल वेगळा आहे : शाळा-दवाखान्याचा लाभ सवर्णांनी अधिक घेतला, मग ज्याने धर्म बदलला त्याच्या पदरात काय पडले?

त्याच्या पदरात स्वतंत्र भारतात पडले ते असे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचे नाही असे ठरले. १९५६ साली शिखांना त्यात घेतले. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राची दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. १९८५ साली सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही तीच हीनता त्याच तीव्रतेने टिकते याचा पुरावा पुढे आलेला नाही. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. दरम्यान खेड्यातल्या शिक्षकाला हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकाऐवजी हजेरीपटात भेटते. मुलाचे मंडळीतले नाव दानिएल किंवा शांतवन असते; दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'हिंदू महार' असते; आणि नाताळची सुट्टी संपल्यावर तो शाळेत कोणते नाव सांगतो, हे त्या दिवशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे की नाही यावर अवलंबून असते.